शिधापत्रिकेबाहेरची भूक

भिवंडी तालुक्यातील वळ, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यातील गोदामे आणि शहरातील यंत्रमाग, म्हणजे विजेवर चालणारे कापडाचे माग, परप्रांतीय मजुरांच्या श्रमावर चालत असल्याने, 25 मार्च 2020 रोजी देशव्यापी टाळेबंदी लागू झाली तेव्हा या परिसरातील रोजंदारी एका फटक्यात थांबली. केंद्राच्या गरीब कल्याण अन्न योजनेत शिधापत्रिकेवर माणशी दरमहा 5 किलो धान्य मोफत मिळणार होते. परंतु ज्याची शिधापत्रिका उत्तर प्रदेशातील वा बिहारमधील गावी राहिली होती, आणि ज्याचे रोजचे जेवण खानावळीतच होत असे (ती खानावळही बंद होती), त्याला कोरड्या धान्यापेक्षा शिजवलेले अन्न अधिक निकडीचे होते. राज्य सरकारच्या शिवभोजन थाळीचा, म्हणजे सवलतीच्या तयार जेवणाचा, दर त्या काळात 10 रुपयांवरून 5 रुपयांवर आला, तरी गरज थाळी देणाऱ्या केंद्रांच्या क्षमतेहून मोठी होती.

ही फट सामुदायिक स्वयंपाकघरांनी, म्हणजे एकाच ठिकाणी रांधून वस्त्यांवर जेवण पोहोचवणाऱ्या व्यवस्थेने, काही अंशी भरून काढली. मुंबईत मार्च 2020च्या अखेरीस नागरिकांनी उभारलेल्या ‘खाना चाहिए’ या उपक्रमाने बंद उपाहारगृहांच्या भटारखान्यांचा उपयोग करून घेतला, आणि खरे कौशल्य रांधण्यापेक्षा मागणी कोठे आहे हे रोज ताडण्यात होते. मे महिन्याच्या आरंभी भिवंडीहून गोरखपूरकडे मजुरांना गावी नेणारी श्रमिक विशेष रेल्वेगाडी सुटली. मात्र भाड्याच्या खोल्यांत मागे उरलेल्यांसाठी अन्नवाटप त्यानंतरही आवश्यकच राहिले.