घड्याळाला स्वतःची चूक कळते का?

मंडळी, हौस म्हणून अर्दुइनोवर घड्याळ बनवणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो. प्रोग्रॅम बरोबर आहे, मग घड्याळ रोज काही मिनिटं मागे का पडतं?

आधी एक लक्षात घ्या. मायक्रोकंट्रोलर वेळ जाणत नाही, तो फक्त ठोके मोजतो. अर्दुइनो उनोमध्ये हे ठोके सिरॅमिक रेझोनेटर देतो. त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक असू शकतो. ऐकायला किरकोळ वाटतं, नाही का? पण दिवसाचे सेकंद ८६,४००. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ४३२ सेकंद, सात मिनिटांहून जास्त! मोजणी चोख, पण मापच खोटं.

मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो. त्याची चूक साधारण दहा लाखांत वीस, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. शिवाय तापमान २५ अंशांच्या वर गेलं काय किंवा खाली गेलं काय, तो मंदच होतो. डीएस३२३१ ही चिप स्वतःचं तापमान मोजून ही चूक सावरते. तिच्यात वर्षाला साधारण मिनिटभराचाच फरक पडतो.

पण बघा हं, या चिपला कळतं ते तापमान. आपण किती चुकलो, हे तिलाही कळत नाही. त्यासाठी बाहेरचा साक्षीदार लागतो: इंटरनेटवरची प्रमाणवेळ किंवा जीपीएस. नुसती दोन घड्याळं शेजारी ठेवली, तर फरक कळेल. खोटं कोण, ते कळणार नाही.

पूर्वी जहाजांवर क्रोनोमीटर रोज जुळवत नसत. तो रोज किती पुढे-मागे जातो, हे नोंदवून हिशेबात धरत. कारण चार सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तावर एक सागरी मैल. तेवढ्यात जहाज खडकावर जायचं!

तुम्हीही तेच करा. घड्याळ प्रमाणवेळेशी लावा, दहा दिवस हात लावू नका, मग फरक मोजा. तो रोज सारखाच पडत असेल, तर प्रोग्रॅममध्ये वजा करता येतो. नियमित चूक हे एक प्रकारचं ज्ञानच आहे. त्रास देते ती लहरी चूक. म्हणून घड्याळ चुकतं का, एवढंच विचारू नका. ते कसं चुकतं, ते विचारा.