पोलादी टोपाची पारख

शिरस्त्राण हा शब्द ग्रंथांत शोभतो; बोलण्यांत टोपच येतो. मुंबईकडील गृहिणी पातेल्यासहि टोप म्हणतात, आणि अमेरिकन सैन्याच्या ज्या टोपाविषयीं येथें लिहावयाचें आहे, त्याला हे दोन्ही अर्थ लागू पडले. १९४१ सालीं स्वीकारलेल्या ‘एम्-वन्’ टोपाचें पोलादी कवच आंतल्या हलक्या टोपापासून सुटें निघे. त्यांत पाणी घेऊन शिपाई दाढी करीत, कपडे धूत, प्रसंगीं अन्नहि शिजवीत. मात्र विस्तवावर चढविल्यानें पोलादाचा कस उणावतो.

त्यापूर्वींचा १९१७ चा टोप ब्रिटिशांच्या १९१५ च्या टोपावरून घेतलेला, उपड्या परातीसारखा पसरट. त्यांत कानशिलें उघडींच राहत. नव्या टोपानें ती उणीव पुष्कळशी भरून काढली, आणि १९४५ पर्यंत असे दोन कोटींहून अधिक टोप तयार झाले.

इतकी संख्या असतां संग्राहक एकेका टोपासाठीं एवढे कां झुरतात? उत्तर बारीक खुणांत आहे. आरंभींच्या टोपाच्या कडेचा सांधा पुढें कपाळावर येई. १९४४ च्या अखेरीस तो मागें नेला. पट्टीच्या कड्या प्रथम पक्क्या जोडलेल्या असत व आपटून तुटत. १९४३ पासून त्या हलत्या केल्या. युद्धानंतर युरोपांतील कित्येक देशांनीं याच घडणीचे टोप केले, म्हणून नुसता आकार पाहून भुलूं नये. साध्या टोपावर छत्रीधारी सैनिकांचीं चिन्हें रंगवून दामदुप्पट घेणारे लबाडहि आहेत.

टोप चमकूं नये म्हणून मूळ रंगांत बुचाच्या लाकडाचा चुरा मिसळीत. आपल्याकडे जुनी वस्तु हातीं येतांच चिंच व राख घेऊन घासावयास बसण्याची चाल आहे! असा घासलेला टोप म्हणजे अक्षरें धुवून कोरी केलेली पोथीच. कित्येकांच्या आंत शिपायानें स्वहस्तें कोरलेलें नांव असतें. तेंहि त्या घासण्यांत जातें.

आमच्या पिंपळनेराहून धुळें दूर नाहीं. तेथें इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं निवर्तले आणि लगोलग १९२७ सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. कागद कोणाच्या दप्तरांतला, हें ठाऊक नसेल तर त्याची साक्ष लंगडी पडते, टोपाचेंहि तसेंच.

आणि साता समुद्रांपलीकडचे टोप जमविणाऱ्यांनीं घरच्या माळ्यावरहि एकदां नजर टाकावी. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत धारातीर्थीं पडले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या आघाडीवरून परतलेले आपले शिपाई थोडे नव्हते. त्यांपैकीं कोणाचें पदक, पत्र वा टोप घरीं असेल तर तें मोडींत घालूं नये. कोणाचें, कोणत्या पलटणीचें, कोणीं सांगितलें, एवढें कागदावर लिहून दोऱ्यानें त्यास बांधावें. टोप असेल तर कोरड्या फडक्यानें पुसावा. सुती पट्टी व आंतलें चामडें आषाढांत बुरसतें, तेवढें जपावें.