कामाची जागा (लेखांक ७) : दप्तर उघडं, तक्रार बंद

अंतर्गत समितीवरच्या बाहेरच्या सदस्याच्या मानधनाचा विषय या आठवड्यात येणार होता. तो पुढच्या खेपेला. मध्येच पारनेर तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो मागे ठेवण्यासारखा नव्हता. सुप्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात लैंगिक छळाची तक्रार झाली, तर पुढे काय झालं हे माहिती अधिकारात मागता येईल का?

राळेगणसिद्धीच्या पंचक्रोशीतून हा प्रश्न आला यात नवल नाही. राज्याचा माहिती अधिकार कायदा राष्ट्रपतींच्या संमतीसाठी अडला होता, तेव्हा ऑगस्ट २००३ मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि संमती आली. गावचा कारभारही ग्रामसभेत चालणारा. दारूबंदीच्या काळात पिणाऱ्यांना देवळासमोर खांबाला बांधलं जायचं, हे खुद्द अण्णांनीच सांगितलेलं आहे. जे काय ते चारचौघांत!

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नेमकी उलटी वाट धरतो. कलम १६ म्हणतं की तक्रारीतला मजकूर, बाई, आरोप असलेला माणूस आणि साक्षीदार यांची ओळख, चौकशी, शिफारस, झालेली कारवाई, यातलं काहीही जाहीर करायचं नाही. माहिती अधिकार कायदा काहीही म्हणो. न्याय मिळाला एवढं सांगता येतं, ओळख न देता. चौकशीची जबाबदारी असलेल्यानंच ही बंदी मोडली आणि सेवानियमांत वेगळी शिक्षा नसेल, तर त्याच्याकडून ५,००० रुपये वसूल करायचे. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये अशा खटल्यांसाठी गोपनीयतेचे नियम घालून दिले, त्या खटल्याचं नावच ‘पी विरुद्ध ए’ असं आहे.

आणि हे योग्यच आहे. वाड्या-वस्त्यांवर नाव फुटलं की कारखान्यातली तक्रार संध्याकाळपर्यंत सोयरिकीचा प्रश्न होते. मग दुसरी बाई तोंड उघडत नाही.

पण या कलमाच्या आडोशाला मालक भलतंच लपवतात. तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर कोण आहे, हेसुद्धा ‘गोपनीय’! ते चालत नाही. समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावणं हे कलम १९ नुसार मालकाचं काम आहे. साहेबांच्या कपाटात ठेवलेला आदेश लावलेला धरला जात नाही. कलम २१ प्रमाणे समितीचा वार्षिक अहवाल मालकाकडे आणि जिल्हा अधिकाऱ्याकडे जायला हवा. तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, ९० दिवसांहून जास्त किती रखडल्या, कार्यशाळा किती झाल्या, हे सगळं त्यात येतं. समितीच नेमली नसेल तर दंड ५०,००० रुपयांपर्यंत.

खासगी कारखान्याला माहिती अधिकाराचा अर्ज थेट करता येत नाही. जिल्हा अधिकाऱ्याकडे मात्र करता येतो, कारण तो सरकारी. तेव्हा त्या वाचकानं एका तक्रारीचं काय झालं ते विचारू नये, अहवालातले आकडे मागावेत. आणि अहवाल आलाच नसेल, तर तसं लेखी मागावं. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.