कवडी आणि कपर्दी

‘कवडी’ ह्या शब्दाचें मूळ संस्कृत ‘कपर्दिका’ होय. हेमचंद्रानें बाराव्या शतकांतील आपल्या प्राकृत व्याकरणांत ‘कपर्द’ शब्दाचा नामनिर्देश करून त्यांतील ‘र्द’ चा ‘ड्ड’ होतो असें सांगितलें आहे. पकाराचा वकार होणें हा तर प्राकृताचा नित्याचाच प्रकार. तेव्हां मराठी रूपाविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं.

वादाचें स्थळ निराळें आहे. ‘कपर्दी’ म्हणजे कवड्या धारण करणारा असा अर्थ घेऊन ऋग्वेदकाळीं कवडीचें चलन होतें असें अनुमान काढण्याचा मोह होतो. आम्हांस तें अनुमान ग्राह्य वाटत नाहीं. ऋग्वेदांत रुद्र आणि पूषा हे कपर्दी आहेत. वसिष्ठकुळांतील लोक उजव्या बाजूस कपर्द राखणारे आहेत. आणि दहाव्या मंडळांतील ११४ व्या सूक्तांत एका तरुणीस ‘चतुष्कपर्दा’ हें विशेषण लाविलें आहे. तेथें चार कवड्या घेऊन काय करावयाचें? चार वेण्यांची, हाच अर्थ सरळ लागतो. अमरकोशांतही कपर्द म्हणजे शंकराचा जटाजूटच. वळवून बांधलेल्या केसांचें शिंपेशीं साम्य दिसून एकाचें नांव दुसऱ्यास मिळालें असावें. मात्र ग्रंथांचा अनुक्रम पाहतां केसांचा अर्थ आधींचा ठरतो. कान्हेरीच्या शके ७९९ (इ. स. ८७७) च्या लेखांतील शिलाहार राजा दुसरा कपर्दी ह्याचें नांवही शिवाचेंच, त्याचा कवड्यांशीं संबंध जोडूं नये.

नाण्याच्या अर्थानें कवडी पाहावयाची तर भास्कराचार्यांची लीलावती (शके १०७२) उघडावी. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. म्हणजे द्रम्मास १२८० कवड्या. बंगालच्या बाजारांत त्या मालदीव बेटांतून जहाजें भरभरून येत. इतक्या हलक्या नाण्यावरूनच ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’, ‘कवडीचुंबक’ हे प्रयोग रूढ झाले. (चिनी मातीच्या भांड्यांस युरोपीयांनीं दिलेलें ‘पोर्सेलीन’ हें नांवही कवडीच्या इटालियन नांवावरून आलें आहे!) तुळजाभवानीच्या भुत्याच्या गळ्यांतील माळेंत मात्र कवडीची किंमत कोणी करीत नाहीं.

पोथ्या तपासणारांस एक सूचना. अमरानें ‘वराटक’ हा शब्द कमळाच्या बीजकोशासही दिला आहे. तेव्हां कमळाच्या वर्णनांत वराटक आढळल्यास लेखकाचा प्रमाद समजून तो पाठ खोडूं नये.