काहिलीतला रस, पिंपातला रस

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. तोवर करवीर, पन्हाळा, राधानगरीकडच्या रानांतून गुऱ्हाळांचा धूर दिसायला लागलेला असतो. या वासात वाढलेल्या माणसाला जर्मनीतल्या घरगुती मळ्यांच्या ‘नॅचरल वाइन’ची गोष्ट सांगायची, तर द्राक्षापेक्षा काहिलीपासून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपासून, सुरुवात केलेली बरी. दोन्हीकडे गोड रस आहे, घरचं रान आहे, आणि भांडण एकाच पदार्थावरून आहे. तो म्हणजे गंधक.

ऊस तोडला की घाई सुरू होते. पडून राहिलेल्या उसातली साखर फुटते, तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ते वाढलं की गूळ बसत नाही, चिकट राहतो. म्हणून तोडीनंतर दिवसाच्या आत ऊस घाण्याला लागावा लागतो. रस गाळून काहिलीत येतो. खाली चुलवाणात जळण म्हणून त्याच उसाची वाळलेली चिपाडं. बाहेरचं लाकूड फारसं लागत नाही.

रस तापायला लागला की खरं काम सुरू होतं. उसाच्या रसात प्रथिनं असतात, मेण असतं, मातीचे कणही असतात. ते काढायला भेंडीची झाडं ठेचून पाण्यात कुस्करतात आणि तो बुळबुळीत चिकट रस काहिलीत ओततात. भेंडीचा चिकटा ही घाण धरून वर आणतो. वर आलेली जाड मळी झाऱ्याने काढत राहायची. रसाचा आंबटपणा मोडायला थोडी चुन्याची निवळी घालतात. एवढं झालं की पुढचं सगळं आच आणि नजर यांच्यावर.

ही नजर गुळव्याची. साधारण १०५ अंशांवर रस काकवीच्या टप्प्याला येतो, ११८ च्या आसपास गूळ होतो. पण अनुभवी गुळव्या थर्मामीटरकडे बघत नाही. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि त्याची गोळी होते का ते बोटांनी पाहतो. दोन मिनिटं अलीकडे उतरवलं तर गूळ मऊ, पलीकडे गेलं तर करपट. मग काहील वाफ्यात ओतायची, ढवळत निववायची आणि साच्यात भरायची. पूर्वी बाजार तीस किलोच्या रव्याचा, म्हणजे मोठ्या ढेपेचा होता. आता किलो-अर्ध्या किलोच्या ढेपाही निघतात.

इथपर्यंत गंधकाचं नाव नाही. ते येतं रंगासाठी. नुसत्या भेंडीवर केलेला गूळ तांबूस, कधी गडद तपकिरी होतो. आणि कोल्हापुरी गुळाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गुजरात. तिथल्या पेठेला पिवळाधमक रवा लागतो. म्हणून उकळत्या रसात हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट हे गंधकाचं संयुग टाकतात. ते रंग उडवतं. गुळात किलोला ७० मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड कायद्याला चालतो. काहिलीवर मात्र अनेकदा हायड्रॉस मुठीनेच मोजलं जातं! तासगावच्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात तीही याच पिवळेपणासाठी.

आता जर्मनीतल्या मोझेल नदीच्या पाटीच्या दगडांच्या उतारांवर जाऊ. तिथे रीसलिंग नावाचं पांढरं द्राक्ष होतं. त्याचा रस काढून पिंपात ठेवतात, पण चुलीवर चढवत नाहीत. आपल्याकडे आच लावून जे जंतू मारायचे, त्यांनाच तिथे कामाला लावायचं असतं. द्राक्षाच्या सालीवरचं आणि तळघरातलं रानटी यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. थंड तळघरात याला कधी महिनेही लागतात. नॅचरल वाइनवाला पाकिटातलं यीस्ट घालत नाही, बहुधा गाळत नाही, आणि गंधक शून्य किंवा अगदी थोडा वापरतो. फ्रान्समध्ये २०२० मध्ये आलेल्या ‘व्हँ मेतोद नात्युर’ या नावाखाली विकायची वाइन असेल, तर लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी. युरोपात साध्या कोरड्या पांढऱ्या वाइनला २०० पर्यंत मुभा आहे. पूर्ण शून्य तसं होतच नाही, कारण आंबताना यीस्ट स्वतःच थोडा सल्फाइट तयार करतं.

पण इथे एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. वाइनमध्ये गंधक राखणदार असतो. तो नको ते जिवाणू आवरतो, हवेने वाइन बिघडू देत नाही. तो काढला, तर द्राक्ष एकूण एक निरोगी हवं, भांडी लख्ख हवीत, नाहीतर पिंपात व्हिनेगर. आमच्या गुळात तो मुख्यतः रंगारी आहे. राखणदाराचं काम आचेने आधीच केलेलं असतं. म्हणजे गंधक सोडणं वाइनवाल्याला कितीतरी जड, आणि गुऱ्हाळवाल्याला अडवतो तो फक्त बाजारभाव.

‘नैसर्गिक’ हा शब्दही जर्मनांनी दोनदा वापरून पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकात ट्रियरच्या लुडविग गाल यांनी आंबट रसात साखरपाणी घालून वाइन सुधारायची रीत पसरवली. त्यावर साखर न घालणारे मळेवाले आपल्या वाइनला ‘नाटूरवाइन’ म्हणू लागले आणि १९१० मध्ये त्यांचा संघही उभा राहिला. १९७१ च्या वाइन कायद्याने तो शब्द लेबलावरून काढला. आज नॅचरल म्हणजे प्रामुख्याने बिनगंधकाची. आमच्याकडे दोन्ही तक्रारी एकाच वेळी आहेत: हायड्रॉसची, आणि साखर स्वस्त झाली की काहिलीत साखरेची पोती रिकामी करण्याची. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या दुसऱ्या तक्रारीला जरा वजन आलं.

दुकानात बघताना पिवळेपणावर जाऊ नये. चांगला गूळ फोडला की आत दाणा दिसतो, आणि जिभेवर खारट चव रेंगाळत नाही. बिनगाळ्या वाइनच्या तळाशी गाळ दिसतो, तसा या गुळाचा तांबूसपणा. त्यात बिघडलेलं काही नाही. हायड्रॉसने आणलेला पिवळा रंग तसाही टिकत नाही. पावसाळ्याची दमट हवा लागली की तोच रवा डब्यातल्या डब्यात काळवंडतो.