गोंदियाची ‘नाइटलाइफ’ : आज रात्री नाटक कुठे आहे?

रात्रभर करमणूक म्हटलं की मांडवी नदीतले कॅसिनो आठवतात. महाराष्ट्रात मात्र 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही, आणि 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. पण गोंदिया जिल्ह्याला रात्र जागवायला कॅसिनो लागतो कशाला? दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टी नाटकांचा सीझन सुरू होतो.

नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं म्हणजे गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावरचं, गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. इथेच गावची मंडळं नाटक ‘बुक’ करतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट, रात्री दहाच्या सुमारास नाटक, ते थेट पहाटेपर्यंत. गाणी, नाच, विनोद, रडारड सगळं एकाच तिकिटात, संगीतही तिथेच वाजणारं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

जुगार म्हणाल तर तो आयोजकांचा. कंपनीला ठरलेले पैसे द्यायचे आणि तिकिटांतून वसूल करायचे. त्याच रात्री शेजारच्या गावातही नाटक लागलं किंवा अवकाळी पाऊस आला, तर तोटा मंडळाच्या पोरांच्या अंगावर. म्हणून घरोघरी पाहुण्यांना आग्रहाचं बोलावणं जातं. या पाहुण्यांत सोयरिकीही जुळतात!

जायचं असेल तर चौकातली पोस्टरं बघा. तिकीट मंडपाच्या दारावर मिळतं. पोटासाठी बाहेर गरम भजी आणि चहा. ब्लँकेट न्याच, डिसेंबरात धानाच्या बांध्यांवरून येणारा गारठा झोंबतो.