सोळा कोटींच्या इंजेक्शनात नेमकं काय असतं?

२०२१ च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका तान्ह्या बाळासाठी लोकवर्गणीतून १६ कोटी रुपये उभे राहिले आणि ‘सोळा कोटींचं इंजेक्शन’ घराघरात पोचलं. औषधाचं नाव झोलजेन्स्मा; आजार स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला, औषध काय करतं याबद्दल मात्र बरंच काहीबाही बोललं गेलं. मुळात ते दंडात टोचायचं इंजेक्शनच नव्हे. सलाइनसारखं शिरेतून, साधारण तासाभरात आणि आयुष्यात एकदाच ते दिलं जातं.

‘बिघडलेला जीन काढून नवा बसवतात’

काढत काहीच नाहीत. एसएमएच्या बाळांमध्ये एसएमएन१ हा जीन गळलेला किंवा बिघडलेला असतो. त्यामुळे स्नायू हलवणाऱ्या मज्जारज्जूतल्या चेतापेशींना आवश्यक ते प्रथिन पुरेसं मिळत नाही आणि त्या एकेक करून मरतात. औषधातून या जीनची धड प्रत पेशीच्या केंद्रकात पोचवली जाते. ती बहुतांशी गुणसूत्रात शिवली जात नाही; बाजूला सुटीच राहते आणि तिच्यावरून प्रथिन बनू लागतं. छापून झालेल्या पुस्तकातली चूक तशीच ठेवून आत शुद्धिपत्र सरकवावं, तसा हा प्रकार.

म्हणूनच हे मूल उद्या स्वतः आई किंवा बाप झालं, तर त्याच्याकडून पुढे जाईल तो मूळचा दोष. औषधातली प्रत नव्हे. दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे: मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. उरलेल्या तेवढ्या वाचतात. लक्षणं दिसण्याआधी उपचार मिळालेली बाळं आणि मान धरता येईनाशी झाल्यावर मिळालेली बाळं यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो यामुळे. वर्गणीच्या आवाहनांत आकडा ठळक छापतात. बाळ किती महिन्यांचं आहे, हे खरं तर त्याहून ठळक हवं.

ही सुटी प्रत टिकते, कारण चेतापेशी विभागत नाहीत. भराभर विभागणाऱ्या पेशींत ती दर पिढीगणिक विरळ होत जाईल. त्यामुळे हीच युक्ती सरसकट सगळ्या जनुकीय आजारांना चालत नाही.

‘विषाणू सोडतात, म्हणजे रोगच देतात’

नुसता डीएनए रक्तात सोडला तर रक्तातली विकरं त्याचे तुकडे करतात. त्यातून वाचला तरी डीएनएवर ऋणभार असतो आणि पेशीचं स्निग्ध आवरण त्याला दाद देत नाही. विषाणूंना मात्र आत शिरणं पिढ्यान्‌पिढ्या जमलेलं आहे. इथे वापरतात तो अ‍ॅडेनो-असोसिएटेड विषाणू १९६५ मध्ये प्रयोगशाळेत दुसऱ्याच विषाणूच्या नमुन्यात भेसळ म्हणून सापडला. माणसाला त्याच्यामुळे कुठला आजार होतो असं आढळलेलं नाही. त्यातले स्वतःचे जीन काढून टाकलेले असल्याने तो शरीरात वाढतही नाही.

पण भीती अगदीच निराधार आहे, असं म्हणणंही खोटं ठरेल. बाळाच्या दर किलो वजनामागे सुमारे ११० लाख कोटी विषाणूकण द्यावे लागतात आणि त्यातले पुष्कळसे यकृतात जातात. म्हणून आदल्या दिवसापासून स्टेरॉइड सुरू करतात, पुढे कित्येक आठवडे यकृताच्या तपासण्या चालतात. २०२२ मध्ये हे औषध मिळालेली दोन मुलं यकृत निकामी होऊन दगावली. त्याआधी, १९९९ मध्ये, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चाचणीत १८ वर्षांचा एक तरुण गेला होता. तिथे वाहक म्हणून वापरलेला अ‍ॅडेनोविषाणू वेगळा आणि शरीराला जास्त चिथावणारा. प्रत्येक वाहकाचा धोका त्याचा त्याचा.

डोस एकदाच का, याचं उत्तरही इथेच आहे. पहिल्या भेटीत शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि दुसरी खेप पेशीपर्यंत पोचूच देत नाही. ही प्रतिपिंडं आधीपासून आहेत का, हे रक्त तपासूनच बाळाला औषध देतात.

‘डीएनए लस घेतली की आपला डीएनए बदलतो’

अहमदाबादच्या झायडस कॅडिलाच्या झायकोव्ह-डी या करोनावरच्या लशीला ऑगस्ट २०२१ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. माणसांसाठी मंजूर झालेली ती जगातली पहिली डीएनए लस. सुईविना, दाबाच्या झोताने त्वचेत दिली जाणारी. त्यातल्या गोलाकार डीएनएकडे गुणसूत्रात घुसण्याची यंत्रणा नसते. पेशी त्यावरून काही काळ विषाणूचं काटेरी प्रथिन बनवते, शरीर ते ओळखायला शिकतं, काम संपतं.

‘हे सगळं परदेशातूनच येतं’

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. यात रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून त्यांत लेंटीविषाणूमार्फत नवा जीन घालतात आणि त्या परत रक्तात सोडतात. त्या पेशी शरीरात वाढत जाणार असल्याने इथे जीन मुद्दाम गुणसूत्रात शिवला जातो. रक्ताच्या काही कर्करोगांसाठीचा हा उपचार महाग आहेच, पण अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात होतो.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तीव्र हिमोफिलिया-ए असलेल्या पाच जणांच्या रक्ताच्या मूळपेशींत असाच जीन घातला. निकाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले: नव्या पेशी रुजल्यानंतर पाचांपैकी कुणालाच पुन्हा रक्तस्राव झाला नव्हता.